तिसऱ्या कप्प्याचा वास

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपल्या नक्षीचं कौतुक सांगतात. मलाही पितळी कड्या आहेत आणि त्या अजून चकचकतात. पण आज मला कौतुक नको. मी खोटी साक्ष दिलेली पेटी आहे. तोंड नसताना दिली आणि ती एका भल्या माणसाला भोवली. हे सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही, म्हणून बोलते आहे. ऐकून घ्या.

माझा जन्म आफ्रिकेतला. टांझानिया देशात उसांबरा नावाचे डोंगर आहेत. डोंगरावर चहाचे मळे आणि पायथ्याशी म्वुले नावाची उंच झाडं, सागासारखी टणक. अशाच एका झाडाचं मी लाकूड. झाड पडलं, त्याचे ओंडके झाले आणि ट्रकमध्ये बसून ते सीमा ओलांडून शेजारच्या केनियात, मोंबासा बंदरावर आले. तिथल्या एका म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं. म्हणजे उसांबरा माझं माहेर आणि मोंबासा माझं सासर. हे नातं लक्षात ठेवा. माझी मान खाली गेली ती याच नात्यापायी.

मला घडवून घेतलं दीनानाथ खांबेटे यांनी. हे पुण्याचे. पंचविशीत मोंबासाच्या एका चहाच्या कंपनीत नोकरीला लागले आणि चहा चाखायला शिकले. हो, चहा चाखणं हा धंदा आहे. पांढऱ्या कपात मोजून पत्ती घालायची, उकळतं पाणी ओतायचं, बरोबर सहा मिनिटं झाकायचं, आणि मग चमच्यानं असा जोरात भुरका मारायचा की शेजारच्या खोलीतल्या माणसानं दचकावं. चव कळली की थुंकायचं आणि पुढच्या कपाकडे वळायचं. दिवसाला दोनशे कप! यामिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, नव्यानं लग्न होऊन आली तेव्हा म्हणाली होती, "आमच्याकडे चहा असा प्यायला असता तर आईनं पाठीत धपाटा घातला असता."

दीनानाथांनी सुताराला सांगितलं, "आठ कप्पे हवेत. प्रत्येकाला वेगळं झाकण हवं, आणि इतकं घट्ट की एकाचा वास दुसऱ्याला लागता कामा नये." कारण चहासारखी हलक्या कानाची वस्तू नाही. शेजारी जे असेल त्याचा वास तो लगेच उचलतो. साबणाशेजारी ठेवला तर साबण, कांद्याशेजारी ठेवला तर कांदा. म्हणून दीनानाथांची एक पद्धत होती. चाखायचे नमुने त्यांच्या पिशव्यांतून काढून तीन दिवस माझ्या कप्प्यांत ठेवायचे. कुठला नमुना कुठल्या कप्प्यात, हे दुसऱ्या कुणी तरी ठरवायचं आणि चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी दडवून ठेवायची. "सगळ्यांना एकच हवा, एकच अंधार. मग माझ्या जिभेनं बोलायचं," असं ते म्हणत. पिशवीवरचं नाव बघून आपण भुलू नये म्हणून एवढा सगळा खटाटोप. मला त्या पद्धतीचा फार अभिमान होता. न्यायाधीशाच्या टेबलावर बसल्यासारखं वाटायचं मला.

मोंबासात आजूबाजूच्या देशांचा चहा विकायला येई. केनियाचा येई, तसा टांझानियाचाही येई. दोन देश शेजारी, बोली जवळपास एक, सीमेवरच्या गावांत सोयरिकी होत. पण चहाची गोष्ट निघाली की दोघं एकाच गल्लीतल्या दोन दुकानदारांसारखे. आमच्या ऑफिसातले लोक टांझानियाच्या मालाला 'पलीकडचा माल' म्हणत. "पलीकडचे लोक बेफिकीर. लवंगांच्या पोत्यांशेजारी चहा ठेवतात," असं कुणी तरी म्हणे आणि बाकीचे हसत. खरंच तसं कुणी पाहिलं होतं का? मला तरी ठाऊक नाही. दीनानाथ हसत नसत, पण कुणाला अडवतही नसत. आणि मी, त्याच पलीकडच्या डोंगरातली, पितळी कड्या मिरवत गप्प बसून असे.

पुढे कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरावरच्या एका चहा पॅक करणाऱ्या कंपनीनं दीनानाथांना बोलावून घेतलं. कपबशा मोंबासाला राहिल्या, मी मात्र त्यांच्या मांडीवर बसून विमानानं आले. इथंही त्यांनी तीस वर्षं चहा चाखला. "खांबेट्यांची जीभ म्हणजे शेवटचा शब्द," असं इथले गोरे लोकही म्हणू लागले. मग ते निवृत्त झाले, आणि मी बेसमेंटमध्ये गेले.

बेसमेंटमध्ये मी होते, एक जुना व्हॅक्यूम क्लीनर होता आणि चार विंटर टायर होते. टायर वर्षातून एकदा तरी बाहेर जात. मला कुणी हात लावीना. तुम्हाला काय सांगू, बिनकामाचं पडून राहण्यासारखं दुःख नाही.

अशात एक दिवस यामिनीबाई खाली आली. ती दरवर्षी घरी गोडा मसाला करते. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, सगळं स्वतः भाजते. भाजताना स्मोक अलार्म कोकलायला लागतो, मग ती स्टुलावर चढून टॉवेलनं त्याला वारा घालते. इतक्या कष्टाचा मसाला हवाबंद जागी राहावा म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर पडली. "काय सुरेख झाकण आहे गं बाई!" म्हणाली, आणि माझ्या तिसऱ्या कप्प्यात तिनं मसाला भरला. दाबून दाबून भरला.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. कुणाच्या तरी उपयोगी पडतेय, एवढंच मला कळलं. मी चहाची पेटी आहे, माझी जात सोवळ्यातली, हे मी साफ विसरले. बारा वर्षं तो मसाला माझ्या तिसऱ्या कप्प्यात राहिला. संपला की नवा येई. लाकूड ते. तेल पीत गेलं, वास पीत गेलं.

आता मुख्य गोष्ट सांगते.

गेल्या ऑक्टोबरात शैलेंद्र आला. हा दीनानाथांच्या पुण्याच्या मित्राचा मुलगा. हॅलिफॅक्सच्या त्याच चहाच्या कंपनीत तो आता मोठा अधिकारी आहे. कोट न काढताच सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "काका, एक फेवर हवाय. आम्ही ईस्ट आफ्रिकेत इन्व्हेस्ट करतोय. एकाच फॅक्टरीत. नवीन मशीनं आम्ही द्यायची, आणि दहा वर्षं त्यांचा चहा आम्ही घ्यायचा. दोन नावं शॉर्टलिस्ट झालीयत. एक केनियातली, केरिचोजवळची. मोठी पार्टी आहे. दुसरी टांझानियातली, उसांबराची. छोटी आहे, चहावाल्या शेतकऱ्यांनी मिळून चालवलेली. पेपरवर दोन्ही ओके आहेत. बोर्ड म्हणतंय, चव बघून ठरवू. मी म्हटलं, मग आमच्या काकांशिवाय कोण?"

उसांबरा हे नाव ऐकलं आणि माझ्या लाकडात कुठंतरी कळ उठली. माहेरचं नाव चाळीस वर्षांनी कानावर पडलं होतं.

शैलेंद्र पुढे म्हणाला, "छोट्या पार्टीचं जरा क्रिटिकल आहे. आम्ही नाही म्हटलं तर नैरोबीची एक कंपनी ती फॅक्टरी विकत घ्यायला टपलीय. ते फॅक्टरी बंद करणार आणि हिरवी पानं ट्रकनं केनियात नेणार. बिझनेस आहे, त्यांचं काही चूक नाही. पण शेतकऱ्यांच्या हातून फॅक्टरी जाईल."

"जिभेला हे काही सांगू नकोस," दीनानाथ म्हणाले. "जीभ फक्त चव सांगेल." आणि त्यांनी यामिनीबाईला हाक मारली, "अगं, माझी पेटी वर आण."

ती क्षणभर दारातच थांबली. खाली येऊन तिनं तिसरा कप्पा रिकामा केला, गरम पाण्यानं धुतला, बेकिंग सोडा लावला, लिंबू चोळलं, घर तापवणाऱ्या फर्नेसजवळ मला दोन दिवस वाळवलं. मग हुंगून पाहिलं. काही वास आला नाही. येणार कसा? त्या घराच्या भिंतींना, पडद्यांना, तिच्या स्वेटरलाही तोच वास होता.

दीनानाथांनी विचारलं, "यात काही ठेवलं नव्हतंस ना?"

"नाही हो. नुसती पडून होती," यामिनीबाई म्हणाली.

का म्हणाली असं? भीती. मोंबासात एकदा तिनं त्यांच्या चहाच्या खोलीशेजारी उदबत्ती लावली, तर चार दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते. आता या वयात चार दिवस गप्प बसणारा नवरा कुणाला परवडतो?

ठरल्या रीतीप्रमाणे यामिनीबाईनंच नमुने भरले. केनियाचा पहिल्या कप्प्यात. दुसरा कप्पा मुद्दाम रिकामा ठेवला, एकाचा वास दुसऱ्याला नको म्हणून. आणि उसांबराचा तिसऱ्या कप्प्यात. माझ्या माहेरचा चहा माझ्या कुशीत आला, मित्रांनो. काळाभोर, नाजूक पिळाची पत्ती. पहिल्या रात्री ती डोंगराच्या गारव्यानं दरवळत होती. दुसऱ्या दिवशी मला कळलं की ती माझ्या भिंतींतून काही तरी ओढून घेते आहे. मी आकसून बसले. पण लाकडाला श्वास रोखता येतो का?

तीन दिवसांनी दीनानाथांनी बाहेरच्या थंडीत फेरी मारून नाक मोकळं केलं आणि दोन्ही चहा चाखले. पहिल्याला म्हणाले, "स्वच्छ. तेज. थोडा उथळ." तिसऱ्याचा भुरका मारला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा घेतला. "वा," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. मग कपाळावर आठी आली. "पण हे मागून काय येतंय? परका वास. मसाल्याचा." चमचा खाली ठेवून ते हसले. ते हसणं मला ओळखीचं वाटलं. मोंबासाच्या ऑफिसातलं हसणं होतं ते. "पलीकडचा माल दिसतोय. ठेवला असणार लवंगांच्या पोत्यांशेजारी. पन्नास वर्षांत सुधारले नाहीत."

चिठ्ठी उघडली. तिसरा, उसांबरा. "बघ! मी म्हटलं नव्हतं?" ते यामिनीबाईला म्हणाले. तिनं ओटा पुसायला घेतला. पुसलेलाच ओटा तिनं पुन्हा पुसला.

त्यांनी लिहून दिलं: 'मालाला गोदामात मसाल्याचा वास लागला आहे. साठवणुकीत निष्काळजीपणा.' खाली सही केली. शैलेंद्रनं केनियाच्या फॅक्टरीशी करार केला. खरी चूक अशी, की नाव न बघता चाखायची पद्धत ज्यानं घालून दिली, त्याच्या मनावर मात्र एक जुनं नाव कोरलेलं होतं. आणि त्या नावाला पुरावा पुरवला मी.

कलंक लागलेली पेटी म्हणा मला. नाही, म्हणाच.

फेब्रुवारीत, एका गुरुवारी, दारावरची बेल वाजली. बाहेर ढोपरभर स्नो. दारात एक उंच मुलगी उभी होती, अंगावर तिच्या मापाला मोठा असलेला कोट आणि पाठीवर बॅग. तिचं नाव नीमा शेमवेटा. उसांबराची. इथल्या युनिव्हर्सिटीत शिकते, बंदराच्या पलीकडच्या काठावर डार्टमथला राहते. तिची आई त्या फॅक्टरीच्या शेतकऱ्यांपैकी एक. फेरी आणि मग दोन बस बदलून ती आली होती.

दीनानाथ स्वाहिलीत म्हणाले, "करिबू, ये, आत ये." तिचा चेहरा एकदम उजळला. हॅलिफॅक्समध्ये पांढऱ्या केसांचा मराठी माणूस आपल्या भाषेत बोलेल, असं तिला वाटलं नसावं.

ती भांडायला आली नव्हती. मित्रांनो, तेच मला सोसवेना. भांडली असती तर बरं झालं असतं. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे मझे म्हणतात. ती म्हणाली, "मझे, तुम्ही लिहिलंत ते बरोबरच असणार. चहाला वास आहे, मीही हुंगला. पण तो कशाचा, हे आम्हाला कळत नाही. आमच्या गोदामात लवंग नाही, काही नाही. तुमचा कागद आल्यावर लोक चिडले. गोदाम माझे हामिसीमामा सांभाळत होते, एकतीस वर्षं. त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली. ते घराबाहेर पडत नाहीत. म्हणतात, माझ्या हातून काय झालं ते मला एकदा सांगा."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि चोर तिथंच होता. तिच्यासमोर, साइडबोर्डवर, पितळी कड्या मिरवत.

नीमा म्हणाली, "रविवारी दुपारी बारा वाजता तिकडे सभा आहे. फॅक्टरी नैरोबीच्या कंपनीला विकायची की थांबायचं, यावर हात वर होणार. वास कशाचा ते कळलं, आणि दोष दूर होण्यासारखा आहे असा तुमच्या सहीचा एक कागद मिळाला, तर लोक थांबतील. मी विचारलंय. फक्त एक कागद."

यामिनीबाई म्हणाली, "आधी जेव. पोरगी एवढ्या स्नोमधून आलीय." जेवल्याशिवाय पाहुण्याला सोडायचं नाही, ही तिची रीत. तिनं भात वाढला, वाटीत गोड्या मसाल्याची आमटी वाढली. गरम आमटीची वाफ वर आली. नीमानं घास तोंडापर्यंत नेला आणि ती थांबली. वाटी उचलून तिनं नाकाशी धरली. मग काही न बोलता तिनं बॅग उघडली, आतून झिपची एक पिशवी काढली. चाखून उरलेला माझ्या तिसऱ्या कप्प्यातला चहा त्यात होता, कंपनीनं कागदाबरोबर फॅक्टरीच्या लोकांसाठी तिच्याकडे परत दिलेला. चार महिने ती तो जवळ बाळगून होती. तिनं पिशवी हुंगली. वाटी हुंगली.

"हाच," ती म्हणाली. "हा वास."

नीमाच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत. चार महिने तिकडे गोदामं धुंडाळली आणि वास इथं ताटात वाढलेला होता.

दीनानाथांनी घसा खाकरला. "मसाल्यांचे वास सारखे असतात, मुली. मला नीट बघावं लागेल."

"रविवारच्या आत बघाल?"

"बघतो. कळवतो."

तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला. ताटातला भात संपवला, यामिनीबाईला मिठी मारली आणि बस पकडायला निघून गेली. चहाची पिशवी टेबलावरच ठेवून गेली, तुम्हाला लागेल म्हणून.

दार लागलं तशी यामिनीबाई म्हणाली, "अहो, मी मसाला ठेवत होते त्या पेटीत. बारा वर्षं. तिसऱ्या कप्प्यात."

दीनानाथ माझ्याकडे आले. झाकण उघडून त्यांनी नाक आत घातलं. "काही येत नाही," म्हणाले. मग घरचा वास नाकातून निघून जावा म्हणून कोट, टोपी चढवून ते बाहेर स्नोमध्ये जाऊन उभे राहिले. दहा मिनिटं. नाक लाल झालं. आत आले, कुठं न थांबता सरळ माझ्यापाशी आले, आणि पुन्हा वाकले. या वेळी त्यांचा चेहराच पडला. "येतोय," ते पुटपुटले.

"मग आत्ता फोन करा शैलेंद्रला," यामिनीबाई म्हणाली. "माझं नाव सांगा. म्हातारी विसरभोळी आहे म्हणा."

"कागदावर सही तुझी आहे का?"

"नाही."

"मग गप्प बस." पण ते फोनकडे गेले नाहीत.

शुक्रवारी त्यांनी फोन उचलला, खाली ठेवला, आणि ड्राइववेवरचा स्नो शोव्हल करायला गेले. एकदा शोव्हल केलेला ड्राइववे त्यांनी पुन्हा शोव्हल केला. शनिवारी तीन पत्रं लिहिली. पहिल्यात पेटीचा दोष होता, ते फाडलं. दुसऱ्यात यामिनीबाईचा दोष होता, ते फाडलं. तिसऱ्यात स्वतःचा होता. ते फाडलं नाही, पण पाठवलंही नाही. पन्नास वर्षांत त्यांची जीभ एकदाही चुकली नव्हती. ऐंशीला टेकलेला माणूस, त्याच्याकडे तेवढी एकच मिळकत होती.

संध्याकाळी शैलेंद्रचाच फोन आला. स्पीकरवर आवाज खणखणत होता. "काका, केनियाचा फर्स्ट लॉट आला. सॉलिड आहे! बोर्डवाले खूश. यू वेअर राइट, काका. तुम्ही म्हणजे तुम्हीच!"

आता सांगा. मी मनातल्या मनात ओरडत होते. आत्ता सांगा!

"अच्छा," दीनानाथ म्हणाले. "छान झालं."

यामिनीबाई उठून आत निघून गेली.

रविवारी सकाळी आठ वाजता त्यांना अखेर धीर झाला. दाढी केली, शर्ट घातला, पत्र समोर ठेवलं आणि शैलेंद्रला फोन लावून सगळं सांगितलं. एकही शब्द लपवला नाही.

"काका," शैलेंद्र म्हणाला, "गुरुवारी सांगितलं असतंत तर मी एक ईमेल टाकली असती. त्यांनी सभा पुढे ढकलली असती. आमचं बजेट यंदा संपलंय, पण नेक्स्ट इयर काही तरी केलं असतं. आता तिकडे किती वाजलेत?"

दीनानाथांनी घड्याळाकडे पाहिलंही नाही. त्यांना ठाऊक होतं. आफ्रिकेचं घड्याळ हॅलिफॅक्सच्या सात तास पुढे आहे, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मोंबासा सुटलं तरी ते घड्याळ त्यांच्या मनातून कधी गेलं नव्हतं. तिकडे तीन वाजले होते. सभा बाराला होती. हात वर होऊन गेले होते आणि फॅक्टरी विकली गेली होती. बैल गेला आणि झोपा केला.

त्यांनी मला उचललं. यामिनीबाईही कोट घालून निघाली. फेरीत मी पुन्हा त्यांच्या मांडीवर होते. मोंबासाहून येताना बसले होते तशीच, फक्त तेव्हा त्यांचे हात माझ्यावर अभिमानानं ठेवलेले होते. आता त्यांनी तिसऱ्या कप्प्याचं झाकण दाबून धरलं होतं.

नीमा चार मुलींबरोबर एका भाड्याच्या घरात राहते. तिनं स्वयंपाकघरात आम्हाला बसवलं. तिला सभेचा निरोप मिळालेला होता, डोळे सुजलेले होते. दीनानाथ उभेच राहिले. स्वाहिलीत म्हणाले, "वास माझ्या घरचा होता. गुरुवारीच मला कळलं होतं. मी सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून सांगितलं नाही, आणि आता त्याहून मोठी लाज वाटते आहे. पोले साना, मुली. मला माफ कर."

"बारा वर्षांचा मसाला माझा," यामिनीबाई मराठीतच म्हणाली, आणि रडायला लागली. नीमाला शब्द कळले नसतील, पण तिनं तिला पेपर टॉवेल दिला.

मग नीमा म्हणाली, "मला नका सांगू. त्यांना सांगा." आणि तिनं फोन लावून समोर धरला.

फोनमध्ये एक म्हातारा होता. पांढरी टोपी, बारीक दाढी, मागं मातीची भिंत आणि उतरतं ऊन. हामिसीमामा. दीनानाथांनी सगळं पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"म्हणजे तो वास माझ्या गोदामाचा नव्हता?"

"नव्हता."

"एकदाही नव्हता?"

"कधीच नव्हता."

म्हाताऱ्यानं टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. मग विचारलं, "तो वास सोडला, तर चहा कसा होता?"

दीनानाथ फोनजवळ वाकले. "वीस वर्षांत मी इतका चांगला चहा चाखला नव्हता. पहिल्या घोटाला माझ्या तोंडून 'वा' निघालं होतं. ते मी कागदावर लिहिलं नाही."

"आता लिहा," हामिसीमामा म्हणाले. "फॅक्टरी गेली ती गेली. पण माझ्या नातवंडांना दाखवायला मला तो कागद हवा."

आणि मग ते म्हणाले, "ती पेटी दाखवा बरं." नीमानं फोन माझ्यावर धरला. म्हातारा डोळे बारीक करून बघत राहिला, आणि हळूच म्हणाला, "अरे, हा तर आमचा म्वुले. आमच्या डोंगराखालचा. या रेषा मी ओळखतो."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या कड्या गळून पडल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्या माणसाची किल्ली माझ्यामुळे गेली, त्यानंच मला घरची म्हणून ओळखलं. शिवी दिली नाही. "फोडू नका तिला," एवढंच म्हणाला. "तिनं काय केलं? तिच्यात जे भरलं ते तिनं जपलं."

पण मला ठाऊक आहे मी काय केलं. मिरवले, आणि गप्प राहिले.

आता मी शैलेंद्रच्या ऑफिसात, चहा चाखायच्या खोलीत असते. माझ्यात नमुने ठेवत नाहीत. तिसऱ्या कप्प्यात नीमानं तोच चार महिने बाळगलेला चहा ठेवला आहे, आणि झाकणावर दीनानाथांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'हा चहा निर्दोष होता. दोष पेटीचा आणि चाखणाऱ्याचा.' खाली त्यांची सही. ते दर गुरुवारी इथं येतात आणि नवीन शिकाऊ मुलांना ही गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगतात. एकही शब्द गाळत नाहीत. मला ऐकून सवय व्हायला हवी होती, अजून झालेली नाही.

उसांबराची हिरवी पानं आता रोज ट्रकनं सीमा ओलांडतात. मीही त्याच वाटेनं गेले होते. गोदामाला नवं कुलूप आहे आणि किल्ली दुसऱ्या कुणाकडे आहे. हामिसीमामांच्या भिंतीवर दीनानाथांचा कागद फ्रेममध्ये लावलेला आहे, नीमानं फोटो दाखवला. ते आता रोज संध्याकाळी चौकात चहा प्यायला जातात.

म्हणून एक मागणं आहे. दुसऱ्याला नावं ठेवायच्या आधी जरा घराबाहेर जा. थंडी असली तरी दहा मिनिटं उभे राहा, मग आत येऊन आपल्या घरचा वास घ्या. आणि चूक कळली तर गुरुवारचं रविवारवर टाकू नका. तिकडे कुणाचं तरी घड्याळ पुढे चालत असतं.